रिओतला सातवा नंबर आणि लॉरा म्युअर

माळावरची:
बरेच दिवस मनात होतं, आज लिहूनच टाकते. इथे क्रिकेटवर रोज पाच धागे निघतात, धावण्यावर वर्षाला एक. म्हणून जरा मोठं लिहिलंय, सवडीने वाचा.

२०१६ च्या रिओ ऑलिंपिकमधली महिलांची १५०० मीटरची अंतिम शर्यत आपल्याकडे १७ ऑगस्टला सकाळी लागली होती. त्याआधी दोनच दिवस, १५ ऑगस्टच्या संध्याकाळी, माणची ललिता बाबर ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत दहावी आली होती. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी एक भारतीय मुलगी ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरीत धावत होती, तेव्हा आमच्या घरी टीव्ही बंद होण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच भरात १७ तारखेला सकाळी चहाचा कप घेऊन बसले आणि निळसर कपड्यांतली ती बारकी स्कॉटिश मुलगी पहिल्यांदा नीट पाहिली.

शर्यत आधी रांगत होती. कोणालाच पुढे जायचं नव्हतं. मग इथिओपियाच्या गेन्झेबे डिबाबाने अचानक वेग लावला. डिबाबाच्या नावावर तेव्हा जागतिक विक्रम होता. केनियाची फेथ किपयेगॉन तिच्या पाठीला चिकटली. बाकी सगळ्यांनी मनात हिशोब केला असणार की यांच्या मागे गेलो तर आपण संपलो. ती स्कॉटिश मुलगी, लॉरा म्युअर, मात्र त्यांच्या मागे गेली. शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा ती तिसरी होती, त्या दोघींच्या मागे एकटीच. शेवटचे २०० मीटर मात्र बघवले नाहीत. पाय जड झाले, खांदे वर आले, आणि एकेक करत चौघी तिला मागे टाकून गेल्या. सातवी आली. किपयेगॉनला सुवर्ण, डिबाबाला रौप्य. त्यांच्या मागे न गेलेल्या अमेरिकेच्या जेनी सिम्प्सनला कांस्य.

समालोचक म्हणत होते, दमाने घेतलं असतं तर कांस्य तिचंच होतं. असेल. पण मला ती मुलगी त्याच दिवशी आवडली. त्यानंतर तिची एकही मोठी शर्यत चुकवली नाही.

ती तेव्हा ग्लासगो विद्यापीठात पशुवैद्यकशास्त्र शिकत होती. हे कळलं तेव्हा मी गप्पच झाले. मी स्वतः कॉलेजात १५०० धावायचे. दुसऱ्या वर्षाला विद्यापीठाच्या निवड चाचणीच्या दिवशीच प्रात्यक्षिक परीक्षा आली. तारीख बदलून मागायला गेले तर विभागातल्या एका सरांनी सांगितलं, 'धावायचं की शिकायचं, एक काय ते ठरव.' मी परीक्षा दिली. स्पाइक्स, म्हणजे धावायचे खिळ्यांचे बूट, पुढे कितीतरी वर्षं माळ्यावर पडून होते. दोन्ही करता येतं हे कोणीतरी करून दाखवलं असतं तर, असं अजून वाटतं. लॉराने ते करून दाखवलं. मला उशिरा दिसलं, एवढंच.

तिची सगळी कारकीर्द इथे आणायची आहे. ज्याला जे आठवतं ते लिहा.

सायलीची_आई:
ताई, वाचताना गलबलून आलं. मला या खेळातलं काही कळत नाही, पण मुलगी नऊ वर्षांची आहे आणि सारखी पळत असते. म्हणून विचारते, १५०० हा आकडा आला कुठून? १००० नाही, २००० नाही. आणि पुढच्यांच्या मागे जाणं एवढं धोक्याचं का? मागे राहून शेवटी जोर लावायचा, हे सोपं नाही का?

सकाळचा_ट्रॅक:
मी नाशिकला शाळेतल्या मुलांना संध्याकाळी धावायला शिकवतो, म्हणून सायलीच्या आईंना उत्तर देतो.

ट्रॅकची फेरी ४०० मीटरची. १५०० म्हणजे पावणेचार फेऱ्या. सुरुवात अंतिम रेषेपासून होत नाही, समोरच्या बाजूच्या सरळ रस्त्यावरून होते. आधी ३०० मीटर, मग पूर्ण तीन फेऱ्या. शेवटची फेरी सुरू होताना घंटा वाजते.

मुलांना मी सांगतो, १५०० मध्ये तीन शर्यती असतात. पहिल्या फेरीत जागेसाठी धक्काबुक्की. मधल्या दोन फेऱ्यांत डोकं शांत ठेवायचं, कारण दम लागायला लागतो आणि मन म्हणतं, हळू हो. शेवटचे ३०० मीटर म्हणजे जे शिल्लक असेल ते. पुढचा धावपटू वारा अडवतो, त्याच्या मागे थोडा दम वाचतो, म्हणून पुढे राहायला कोणी तयार नसतं. पण आतल्या बाजूला मागे राहिलात तर कोंडीत सापडता. चारी बाजूंनी माणसं, पुढे वाट नाही. पुढचा गट सुटला की मग कितीही जोर लावा, अंतर भरत नाही.

आणखी एक फरक. डायमंड लीगसारख्या, दर वर्षी वेगवेगळ्या शहरांत होणाऱ्या मालिकेतल्या शर्यतींत पहिल्या दोन फेऱ्यांना वेग धरून देणारा पेसमेकर असतो, म्हणून तिथे वेळा चांगल्या लागतात. ऑलिंपिक आणि जागतिक स्पर्धेत पेसमेकर नसतो. तिथे पुढे कोण जाणार, कधी जाणार, हे ज्याचं त्याने ठरवायचं. रिओत किपयेगॉनची विजेती वेळ ४:०८.९२ होती. म्युअर त्याच हंगामात लंडनला ३:५७.४९ धावली होती आणि केली होम्सचा १२ वर्षांचा ब्रिटिश विक्रम तिने मोडला होता. म्हणजे घड्याळाच्या हिशोबाने रिओची शर्यत तिला चालत जमावी अशी होती. तरी सातवी. कारण शर्यतीचा सगळा वेग शेवटच्या दोन फेऱ्यांत कोंबलेला होता. सरासरी बघून १५०० कळत नाही.

आणि माळावरची ताई, एक गोष्ट तुम्ही राहू दिलीत. रिओनंतर अकराच दिवसांनी, २७ ऑगस्टला, पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ती ३:५५.२२ धावली. स्वतःचा विक्रम दोन सेकंदांनी खाली आणला आणि मागे कोण होतं? ऑलिंपिक विजेती किपयेगॉन. माझ्या मुलांना मी रिओ दाखवतो आणि लगेच त्याच्यापुढे पॅरिस दाखवतो.

गोठ्यातला_डॉक्टर:
धागा वाचनखूण केला. धावण्यातलं मला शून्य कळतं, पण पशुवैद्यकीबद्दल लिहू शकतो. परभणीला शिकलो, आता तालुक्याच्या दवाखान्यात आहे.

बाहेरच्यांना वाटतं जनावरांचा डॉक्टर म्हणजे माणसांच्या डॉक्टरपेक्षा सोपं काम. माणसांच्या डॉक्टरला एकच प्राणी शिकायचा असतो. आम्हाला गाय, म्हैस, घोडा, शेळी, डुक्कर, कुत्रं, मांजर, कोंबडी, आणि प्रत्येकाचं शरीर वेगळं, औषधाचं प्रमाण वेगळं, दुखणं सांगायची पद्धत वेगळी. पण पुस्तकी अभ्यास एकवेळ जमतो. जीव जातो तो शेवटच्या वर्षात, जेव्हा हाताने काम करायचं असतं.

माझ्या शेवटच्या वर्षातली एक रात्र सांगतो. रात्री दोनला निरोप आला, गाय अडली आहे. गेलो तर वासरू आडवं, एक पाय मागे मुडपलेला. खांद्यापर्यंत हात आत. तिने कळ दिली की हात दाबला जातो आणि बोटं बधिर होतात. कळ ओसरली की पुन्हा शोधायचं, खूर कुठे, गुडघा कुठे. पाय सरळ करून दोर बांधून वासरू बाहेर यायला पावणेदोन तास लागले. नंतर वार पडेपर्यंत थांबलो. सकाळी सहाला वसतिगृहावर आलो तर उजव्या हाताने चहाचा पेला उचलता येईना. त्या दिवशी मला कोणी दोन हजार मीटर चालायला सांगितलं असतं तरी मी नाही म्हटलं असतं.

ही मुलगी अशा वर्षांत युरोपचे विक्रम करत होती. २०१८ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धा होती. स्कॉटलंडकडून पदकाची सगळ्यात मोठी आशा तीच असेल. तिने आधीच कळवलं की माझी शेवटची परीक्षा आहे, मी येणार नाही. आणि परीक्षा दिली, पास झाली. मी बायकोला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, पदक पुन्हा मिळेल म्हणून सोडलं असेल. मला तसं वाटत नाही. धावपटूचं वय थोडं असतं, राष्ट्रकुल चार वर्षांतून एकदा. तिला ती पदवी खरंच हवी होती. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे ऐकून किती बरं वाटतं, शब्दांत सांगता येणार नाही.

क्लाइडकाठचा:
ग्लासगोला चौदा वर्षं झाली. धागा पाहून राहवलं नाही.

लॉराचा जन्म १९९३ चा, इनव्हरनेसचा, पण वाढली मिलनाथॉर्टला. किनरॉसशेजारचं छोटं गाव, जवळच लॉक लेव्हन नावाचं मोठं तळं. आम्ही एकदा गाडीने तिथून गेलो. मेंढ्या, दगडी कुंपणं, आणि तळ्यावरून येणारा वारा. ते पाहिल्यावर ही मुलगी जनावरांची डॉक्टर का झाली आणि वाऱ्यात धावायला का घाबरत नाही, दोन्हीचा उलगडा झाला. क्लब डंडी हॉकहिल हॅरिअर्स. अजूनही तेच नाव.

इथल्या हिवाळ्याची कल्पना यावी म्हणून सांगतो. डिसेंबरात पावणेचारला दिवस मावळतो. पाऊस आडवा येतो. रस्त्यावर सकाळी काळा बर्फ असतो, दिसतच नाही, पाय पडला की घसरलात. त्यामुळे इथल्या धावपटूंच्या आयुष्यात इनडोअर ट्रॅकला फार मोठं स्थान आहे. तो २०० मीटरचा असतो, वळणं एका बाजूला उचललेली. लॉराचा खरा दरारा आधी तिथेच तयार झाला. २०१७ च्या ४ जानेवारीला ग्लासगोतच इनडोअर ५००० मीटर ती १४:४९.१२ मध्ये धावली. लिझ मकॉलगनचा १९९२ चा ब्रिटिश विक्रम होता, २५ वर्षं टिकलेला, तो जवळपास १४ सेकंदांनी मोडला. लिझ म्हणजे १९९१ ची १०,००० मीटरची जगज्जेती, इथल्या घराघरात माहीत असलेलं नाव. पुढच्या दीड महिन्यात ३००० मीटरचा युरोपीय विक्रम ८:२६.४१, १००० मीटरचा २:३१.९३, आणि मार्चमध्ये बेलग्रेडला युरोपीय इनडोअर स्पर्धेत १५०० आणि ३००० दोन्ही सुवर्णं.

दोन वर्षांनी, २०१९ च्या मार्चमध्ये, तीच स्पर्धा ग्लासगोला आली. मी आणि माझा मुलगा एमिरेट्स अरिनात होतो. शुक्रवारी रात्री ३००० मीटर. जर्मनीची कोन्स्टान्स क्लोस्टरहाल्फन पुढे, लॉरा तिच्या मागे. मधल्या फेऱ्यांत लॉरा काहीच करत नव्हती. माझा मुलगा वैतागून विचारायला लागला, ही जात का नाही पुढे? आणि मग गेली. बंदिस्त जागेत ओरडण्याचा आवाज छतावरून परत येतो, तसा तो सबंध फेरीभर तिच्याबरोबर फिरत होता. ती ज्या वळणावर, तिथली माणसं उभी. ८:३०.६१, स्पर्धाविक्रम. रविवारी १५०० चं सुवर्णही घेतलं. लागोपाठ दोन स्पर्धांत दोन्ही शर्यती जिंकलेली ती पहिलीच. परतताना ट्रेनमध्ये समोर बसलेल्या आजीबाई माझ्या मुलाला सांगत होत्या की त्यांच्या मांजराला तपासायला लॉराच हवी.

तटस्थ:
सगळे कौतुक करताहेत, त्यात मी वेगळा सूर लावतो, राग मानू नका. मलाही ती धावपटू म्हणून आवडते.

माझं म्हणणं, रिओला आपण उगाच मोठं करतोय. जेनी सिम्प्सनने रिओत डिबाबामागे जायचं नाही असं ठरवलं आणि कांस्य घेतलं. पुढच्या वर्षी लंडनच्या जागतिक स्पर्धेत त्याच सिम्प्सनने पुन्हा डोकं शांत ठेवलं आणि रौप्य घेतलं, किपयेगॉनच्या फक्त ०.१७ सेकंद मागे. त्या लंडनच्या शर्यतीत म्युअर सुरुवातीपासून पुढे राहिली, वारा खाल्ला, आणि शेवटच्या सरळ रस्त्यावर पदक जवळजवळ हातात असताना दक्षिण आफ्रिकेची कॅस्टर सेमेन्या बाहेरून आली. ४:०२.९० आणि ४:०२.९७. सात शतांश सेकंद! चौथी. पहिल्या दोन फेऱ्या कोणाच्या तरी मागे काढल्या असत्या तर ते सात शतांश वाचले नसते का?

म्हणजे दोन वर्षांत दोन पदकं धाडसापायी गेली. ज्याला आपण धाडस म्हणतोय त्याला प्रशिक्षकाने चूक म्हणायला हवं.

माळावरची:
तटस्थ, तुमचं म्हणणं आकड्यांनी खोडता येत नाही आणि मी खोडणारही नाही. फक्त लंडनबद्दल एक जोडते. त्या वर्षी तिच्या पावलाच्या हाडाला ताणाने तडा गेला होता आणि धावण्याचा सराव काही आठवडे बंद होता. अशा तयारीने ती आली, चौथी आली, आणि सहा दिवसांनी ५००० च्या अंतिम फेरीत सहावी.

बाकी चूक म्हणा. पण मला ती दर वेळी तीच चूक करताना दिसत नाही, म्हणूनच पुढची शर्यत बघावीशी वाटते. लंडनच्या सेमेन्यानंतर ती शेवटच्या पन्नास मीटरसाठी काहीतरी राखून ठेवायला शिकली. क्लाइडकाठचा यांनी लिहिलंय ना, मुलगा विचारत होता ही जात का नाही पुढे? २०१६ ची लॉरा तिथे थांबलीच नसती.

खडीसाखर:
कोणीच टॅक्सीबद्दल लिहिलं नाही!

मार्च २०१८. बर्मिंगहॅमला जागतिक इनडोअर स्पर्धा. त्याच आठवड्यात सायबेरियाकडून आलेल्या थंडीच्या लाटेने ब्रिटन गोठलं. ग्लासगोहून विमानं रद्द, गाड्या रद्द. लॉरा आणि तिचे प्रशिक्षक अँडी यंग यांनी टॅक्सी केली. ग्लासगो ते बर्मिंगहॅम, साधारण ४७० किलोमीटर, बर्फातून. म्हणजे पुण्याहून नागपूरच्या वाटेवर निम्म्याहून बरंच पुढे जाण्याइतकं अंतर. मग ३००० मीटरला कांस्य. डिबाबाला सुवर्ण, नेदरलँड्सच्या सिफान हसनला रौप्य, आणि हसन-म्युअरमध्ये अंतर दहा शतांशाचं. दोन दिवसांनी १५०० ला रौप्य, हसनच्या पुढे.

जागतिक स्तरावरची तिची ही पहिली पदकं. टॅक्सीतून उतरलेल्या, परीक्षेच्या तोंडावर असलेल्या मुलीची.

गोठ्यातला_डॉक्टर:
खडीसाखर, हे माहीतच नव्हतं. त्याच वर्षी उन्हाळ्यात पदवी, आणि ऑगस्टमध्ये बर्लिनला युरोपीय स्पर्धेत १५०० चं सुवर्ण. हे मी शोधून वाचलं. ही शर्यत जिंकणारी पहिली ब्रिटिश महिला. माझ्या पदवीच्या वर्षी उन्हाळ्यात मी दोन महिने नुसता झोपलो होतो.

सकाळचा_ट्रॅक:
टोकियो ऑलिंपिकबद्दल मी लिहितो, परवानगी असेल तर. कारण ती शर्यत मी मुलांना कितीतरी वेळा दाखवली आहे.

६ ऑगस्ट २०२१, शुक्रवार, आपल्याकडे संध्याकाळी सव्वासहा. रिकामं स्टेडियम. म्युअरने ८०० मीटर मुद्दाम सोडली होती. महिन्यापूर्वीच मोनॅकोला ती ८०० मीटर १:५६.७३ मध्ये जिंकली होती, म्हणजे तिथेही पदकाची आशा होती. पण पाय १५०० साठी ताजे ठेवायचे ठरवलं. दोन वर्षांपूर्वी दोह्याच्या जागतिक स्पर्धेत पोटरीच्या दुखापतीतून जेमतेम सावरून ती पाचवी आली होती, ३:५५.७६. रिओ सातवी, लंडन चौथी, दोहा पाचवी. त्याआधी २०१५ ला बीजिंगमध्येही पाचवी. वय २८. तटस्थ म्हणतात तो प्रश्न तेव्हा सगळ्यांच्याच मनात होता.

हसन त्या आठवड्यात १५००, ५००० आणि १०,००० तिन्ही धावत होती. ५००० चं सुवर्ण तिच्याकडे आलं होतं. ती पुढे गेली आणि वेग वाढवत राहिली. तिच्या मागे किपयेगॉन. तिसरी म्युअर.

आता मुलांना मी काय दाखवतो ते सांगतो. म्युअरचे हात बघा. कोपर अंगाला धरून, मूठ सैल. रिओत घंटेनंतर खांदे कानाजवळ आले होते, इथे तीन फेऱ्या खाली आहेत. ती पुढच्या दोघींना सोडत नाही आणि त्यांना ओलांडायलाही जात नाही. शेवटच्या वळणावर किपयेगॉन हसनला मागे टाकून निघून गेली. त्याच क्षणी हसनचं पाऊल आखूड पडायला लागलं आणि म्युअरने ते पाहिलं. ती बाहेरच्या बाजूने आली आणि हसनला मागे टाकलं. किपयेगॉन ३:५३.११, ऑलिंपिक विक्रम. म्युअर ३:५४.५०, स्वतःचाच ब्रिटिश विक्रम पुन्हा मोडलेला. हसन ३:५५.८६.

तटस्थ सर, ही शर्यत तुमच्या बाजूनेही मोजता येते, कारण तिने पुढे वारा खाल्ला नाही. आणि ताईंच्या बाजूनेही, कारण त्या दोघींबरोबर जाण्याची हिंमत त्या दिवशी दुसऱ्या कोणातच नव्हती. माझ्या मते रिओत ज्या जागेवर ती मोडली होती त्याच जागेवर, तिसऱ्या नंबरवर, ती पाच वर्षांनी पुन्हा उभी राहिली आणि या वेळी मोडली नाही.

तटस्थ:
मान्य. रात्री दोन्ही शर्यती लागोपाठ पाहिल्या. खांद्यांचं तुम्ही सांगितलंत ते दिसलं. माझा मुद्दा मी मागे घेत नाही, पण रिओची शर्यत तिने वाया घालवली असं आता म्हणणार नाही.

क्लाइडकाठचा:
२०२२ चा उन्हाळा राहिला. वर्षाच्या सुरुवातीला मांडीच्या हाडाची दुखापत, जागतिक इनडोअर बुडाली. आणि मग जुलै-ऑगस्टच्या पाच आठवड्यांत तीन मोठ्या स्पर्धा. १८ जुलैला अमेरिकेत यूजीनला जागतिक स्पर्धेत ३:५५.२८ मध्ये कांस्य. मैदानावरच्या जागतिक स्पर्धेतलं हे तिचं पहिलं पदक. ६ ऑगस्टला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ८०० मीटरला कांस्य, तेही फोटो फिनिशवर, अंग पुढे झोकून. दुसऱ्या दिवशी १५०० ला सुवर्ण. बारा दिवसांनी म्युनिकला युरोपीय सुवर्ण.

राष्ट्रकुलच्या त्या सुवर्णाचं मोल इथे राहणाऱ्यालाच कळेल. २०१४ ला राष्ट्रकुल ग्लासगोलाच होती, हॅम्पडेन पार्कवर. फुटबॉलचं स्टेडियम, त्यात तात्पुरता ट्रॅक घातला होता. एकवीस वर्षांची लॉरा घरच्या प्रेक्षकांपुढे १५०० च्या अंतिम फेरीत धावत होती. शेवटच्या फेरीत मागून कोणाचा तरी पाय लागला, तोल गेला, लय तुटली, अकरावी आली. २०१८ परीक्षेत गेलं. त्यामुळे स्कॉटलंडच्या निळ्या कपड्यांत तिला पदक मिळायला २०२२ उजाडलं. शेवटच्या फेरीत ती एकटीच पुढे निघाली तेव्हा स्टेडियममध्ये माझ्या शेजारी बसलेला माझा मुलगा, जो तीन वर्षांपूर्वी वैतागला होता, तो रडत होता.

माळावरची:
क्लाइडकाठचा, त्याच स्टेडियममध्ये त्याच ६ ऑगस्टला आपल्या बीडच्या अविनाश साबळेने स्टीपलचेसमध्ये रौप्य घेतलं! ८:११.२०. केनियाच्या अब्राहम किबिवोटच्या फक्त ०.०५ सेकंद मागे. आमच्या घरी त्या दिवशी दोन पदकं साजरी झाली, एक मांडव्याचं आणि एक मिलनाथॉर्टचं. तुम्ही तिथे प्रत्यक्ष होतात याचा मला खरंच हेवा वाटतो.

खडीसाखर:
२०२३ पण लिहायला हवं, कठीण वर्ष म्हणून. मार्चच्या सुरुवातीला इस्तंबूलला पाचवं युरोपीय इनडोअर सुवर्ण, इतकी कोणत्याच ब्रिटिश धावपटूकडे नव्हती. आणि त्याच महिन्यात विद्यापीठाच्या दिवसांपासूनचे प्रशिक्षक अँडी यंग यांच्यापासून ती वेगळी झाली. तिच्याबरोबर सराव करणारी जेमा रीकीही. तिशीला आलेल्या धावपटूने सगळी घडी मोडून नवीन बसवायची म्हणजे काय असतं! तरी जुलैत मोनॅकोला मैलाची शर्यत ४:१५.२४, नवा ब्रिटिश विक्रम. किपयेगॉनने त्याच शर्यतीत ४:०७.६४ चा जागतिक विक्रम केला, म्हणून लॉराचं नाव बातमीत शेवटच्या ओळीत आलं. बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत सहावी.

माळावरची:
हो. किपयेगॉनच्या काळात जन्माला येणं हे तिचं प्राक्तन. तीन ऑलिंपिक सुवर्णं लागोपाठ, मध्ये बाळंतपण, आणि आता १५०० चा जागतिक विक्रम ३:४८.६८. लॉरा तिच्याशी जवळजवळ सगळी उमेदीची वर्षं धावली. मला एकीची बाजू घ्यावीशी वाटत नाही. पॅरिस २०१६ सोडलं तर बहुतेक वेळा किपयेगॉन पुढे आणि लॉरा तिच्या पाठीकडे बघत.

पॅरिस ऑलिंपिकबद्दल मी लिहायचं टाळत होते. १० ऑगस्ट २०२४. ३१ वर्षांची लॉरा ३:५३.३७ धावली. आयुष्यातली सगळ्यात वेगवान शर्यत. टोकियोत रौप्य मिळालं त्याहून एक सेकंदाने जास्त जलद. आणि पाचवी आली. पुढे तिसरी आलेली जॉर्जिया बेल, ब्रिटनचीच, जी मध्ये काही वर्षं धावणं सोडून सायबर सुरक्षेची नोकरी करत होती. तिने ३:५२.६१ धावून लॉराचा ब्रिटिश विक्रमही नेला. म्हणजे एकाच संध्याकाळी लॉराची सर्वोत्तम वेळ लागली, पदक गेलं आणि विक्रम गेला.

शर्यत संपल्यावर मी बराच वेळ टीव्ही तसाच ठेवून बसले होते. मग माळ्यावर चढून स्पाइक्सचा डबा खाली काढला. रबर भुगा झालं होतं, हातात आलं. खिळे मात्र चांगले निघाले. पंधरा दिवसांनी साधे बूट घेऊन तालुक्याच्या मैदानावर जायला लागले. पावणेचार फेऱ्या मला साडेआठ मिनिटं लागतात. शेवटच्या फेरीला खांदे खाली ठेवायचे, एवढंच लक्षात ठेवते.

सायलीची_आई:
काल रात्री सायलीला सगळा धागा वाचून दाखवला आणि मग रिओची शर्यत लावली. घंटा वाजल्यावर तिने रिमोट घेतला आणि चित्र थांबवलं. म्हणाली, 'आई, इथे ती तिसरी आहे, पुढचं नको बघूया.' मी म्हटलं बघायचं. पाहिली. मग टोकियो पाहिली. आज सकाळी शाळेच्या आधी विचारत होती की आपल्या सोसायटीला किती चकरा मारल्या म्हणजे १५०० होतात. आमच्या दोन इमारतींभोवतीचा रस्ता २५० मीटरचा आहे, असं सेक्रेटरी म्हणतात. सकाळचा_ट्रॅक, सहा चकरा बरोबर ना? की वळणांचं काही वेगळं धरायचं?

सकाळचा_ट्रॅक:
सहा बरोबर, पण २५० हा आकडा टेपने स्वतः मोजून घ्या. रस्त्याच्या मधून नाही, आतल्या कडेपासून साधारण एक वीत सोडून मोजायचं, कारण मुलं वळणावर आतूनच धावतात. नऊ वर्षांच्या मुलीला रोज १५०० नको. आठवड्यातून एकदा, आणि घड्याळ लावू नका. बाकी दिवस लंगडी, खो-खो, जे आवडेल ते. पार्किंगमधून गाडी बाहेर येते त्या कोपऱ्यावर तुम्ही स्वतः उभ्या राहा.

सायलीची_आई:
मोजलं. २४६ निघाला. सहा चकरा आणि वर चोवीस मीटर, म्हणून सुरुवातीची रेघ वॉचमनच्या खोलीपाशी खडूने आखली आहे. रविवारी सकाळी सात. तिच्या तीन मैत्रिणी पण येणार आहेत. कोपऱ्यावर बाबा उभा राहील, कारण मला शेवटच्या चकरेला घंटा वाजवायची आहे. देवघरातली घेतली आहे.